माझ्यापाशी टाकलीय

माझा राग नाकावर असतो, असं आमच्या डेपोत सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. माझा राग जरा आत असतो आणि वेळ पडली की नीट ओळीनं बाहेर येतो. वीसेक वर्षं एसटीत कंडक्टरकी केली की बाईमाणसाला दोन गोष्टी चांगल्या जमायला लागतात. एक, चालत्या गाडीत न धरता उभं राहणं. दुसरी, समोरच्याचा आवाज कितीही चढला तरी आपलं वाक्य पुरं करणं. माझी भाची चौथीत होती त्या वर्षी मला या दुसऱ्या गोष्टीचा फार उपयोग झाला.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला. जमीन आहे, पण ती वरच्या पावसावर जगणारी. दसरा झाला की अर्धं गाव कोयते बांधून ऊसतोडीला निघतं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. भाऊ आणि वहिनीही जातात. पोरं बरोबर नेली की त्यांची शाळा सुटते. त्यातून पोरगी असली तर धाकट्याला सांभाळ, पाणी आण, जनावरांसाठी उसाचं वाढं गोळा कर, यातच तिचा दिवस जातो. वहिनीचं लहानपण असंच गेलं. तिला वाचता येतं, पण ती ओळीखाली बोट धरून वाचते आणि ओळ संपेपर्यंत चिडते. पोरीला फडात न्यायची नाही, हे तिनं पोरगी पाळण्यात होती तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून त्या वर्षी निघायच्या आधी दोघं तिला घेऊन श्रीरामपूरला माझ्या खोलीवर आली. एक दप्तर, एक कपड्यांची पिशवी, डबाभर शेंगदाण्याची चटणी आणि पोरगी. वहिनीनं माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "वन्सं, चटनी लई तिखट केलीय, पोरीला जपून वाढा." पोरीबद्दल वेगळं काही बोलली नाही. बोलली असती तर रडली असती, आणि तिला बस पकडायची होती.

मी एकटी राहते. लग्न झालं होतं, पण नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि मला माहेरच्या वाटेला लावलं. तिथून मी नोकरीला लागले. त्यामुळे घरात पोर आली तेव्हा मला सगळंच नवीन होतं. सकाळी दोन वेण्या घालायच्या, त्या सारख्या लांबीच्या घालायच्या, आणि सारख्या झाल्या नाहीत की ऐकून घ्यायचं. पोरगी गोड होती, पण जिभेला धार होती. आत्याच्या वळणावर गेली असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं.

तिची शाळा स्टँडच्या मागेच. शाळा सुटली की ती सरळ स्टँडवर यायची आणि कंट्रोलरच्या खिडकीजवळच्या बाकावर बसून अभ्यास करायची. माझी शेवटची फेरी आली की आम्ही दोघी घरी जायचो. कंट्रोलरचं तिच्याकडे लक्ष असायचं. कँटीनवाला तिला अर्धा कप दूध द्यायचा. येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिला पाढे विचारून जायचा. स्पीकरवरून गाड्या पुकारणाऱ्याची ती अशी नक्कल करायची की एकदा एक म्हातारे गृहस्थ तिच्या आवाजावर नेवाशाच्या गाडीत चढून बसले. त्यांना जायचं होतं राहुरीला. स्टँड म्हणजे आमचं अंगणच होतं म्हणा ना.

पण बाहेरच्या माणसाला अंगण दिसत नाही. त्याला दिसते रोज संध्याकाळी बसस्टँडवर एकटी बसलेली मुलगी. कुणीतरी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या नंबरवर फोन केला. ज्यानं केला त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. एकटी मुलगी बघून कुणीच फोन करत नसतं तर मला जास्त राग आला असता.

त्या दिवशी मी घोडेगावच्या गाडीवर होते. जनावरांचा बाजार होता. एक पाहुणा दोन करडं घेऊन गाडीत चढू पाहत होता, आणि ती माणसांपेक्षा शहाणी आहेत असं मला पटवून देत होता. मी त्याला खाली उतरवलं, मग त्याच्या बाजूनं अर्धी गाडी माझ्याशी भांडली. श्रीरामपूरला उतरले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. बाकाजवळ बघते तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी आणि तिच्याबरोबर एक माणूस, आणि मधे माझी भाची दप्तर छातीशी धरून उभी.

"ही तुमची कोण?" त्या तरुणीनं विचारलं.

"भाची हाय. भावाची पोरगी."

"आईवडील कुठे आहेत?"

"तोडीला गेलेत. माझ्यापाशी टाकलीय."

खांद्यावर बॅग, हातात तिकिटाचं मशीन, मागे चौकशीला लोक. त्या घाईत मी गावच्या बोलीत जे तोंडाला आलं ते बोलले.

"मग दुपारपासून हिच्याजवळ कोण होतं?"

"सगळा स्टँड हुता की."

हे उत्तरही पुढे माझ्याच अंगाशी आलं. ती बाई वाईट नव्हती. नोकरीत नवीन होती, मुंबईत वाढलेली होती, आणि बोलणं नीट होतं. म्हणाली, "ताई, आज मुलीला आम्हाला न्यावं लागेल. उद्या समितीपुढे या. नियम आहे." मी खूप बोलले. कंट्रोलरही बोलले. पण आयुष्यभर मी गाडीत लोकांना नियम आहे, नियम आहे म्हणत आलेली, त्यामुळे त्या एका शब्दापुढे माझं घोडं अडलं. पोरगी रडली नाही. जीपमध्ये बसताना तिनं मला एवढंच विचारलं की, उद्याचा गृहपाठ तिथं नेऊ का.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून जिल्ह्याच्या गावी गेले. मुलांच्या बाबतीत निर्णय घेणारी जी समिती असते तिची बैठक होती. लांब टेबल, पलीकडे सदस्य, मधोमध अध्यक्ष. अध्यक्ष वयस्कर, मऊ आवाजाचे. भाचीला एका मोठ्या खुर्चीत बसवलं होतं, तिचे पाय लोंबत होते. त्यांनी तिला नाव विचारलं, इयत्ता विचारली, आवडता विषय विचारला आणि चॉकलेट दिलं. मग त्या तरुण अधिकारी बाईंनी अहवाल दिला आणि अध्यक्षांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. त्यात एक वाक्य होतं. सदर बालिकेस तिच्या आईवडिलांनी टाकून दिलेले असून ती बसस्थानकावर निराधार अवस्थेत आढळली.

मी ताडकन उठले. "कुणी टाकून दिलं?"

"तुम्हीच तसं सांगितलंत," अध्यक्ष म्हणाले.

"मी असलं काही बोलले नाही."

"बाई, खाली बसा. मुलगी घाबरेल."

मी खाली बसले, कारण मुलगी खरंच माझ्याकडे बघत होती. निर्णय झाला की चौकशी होईपर्यंत तिला बालगृहात ठेवायचं. आईवडील आले तर त्यांनी तिला आपल्याबरोबर न्यावं, नाहीतर हंगाम संपेपर्यंत ती तिथेच राहील. मी चालणार नव्हते. एकटी बाई, फिरती नोकरी, घरी यायची वेळ ठरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पोरीपुढं दोनच रस्ते ठेवले होते, फड किंवा बालगृह. तिची शाळा दोन्हीकडे सुटत होती. निर्णय ऐकताना भाची वरच्या पंख्याकडे बघत होती, मनातल्या मनात गणित करताना बघते तशी.

भेटायची परवानगी रविवारची. उगाच खोटं का बोलू, बालगृह स्वच्छ होतं, जेवण वेळेवर होतं, तिथल्या मावशी प्रेमळ होत्या. मी खाऊ नेला होता, तो तिनं शेजारच्या मुलींना वाटून टाकला. मी म्हटलं, गाड्या पुकारून दाखव ना. तिनं मान हलवली. बराच वेळ बाकाच्या लाकडावर नखानं रेघा ओढत बसली आणि मग म्हणाली, "आत्या, टाकून दिलेल्या पोरींना किती दिवस ठेवत्यात गं हितं?"

मी गाडीत बाळंत झालेली बाई पाहिली आहे, गाडीखाली आलेला माणूस पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा पुढची कामं केली आहेत. त्या दिवशी मात्र मला रडू आवरेना. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुला कुनी टाकून दिलं न्हाई. त्या लोकांनी चुकीचं लिवलंय."

"त्यांनी वाचून दाखवलं ना पन."

"चुकीचं वाचलं."

"तू आत्या हायेस, तू असंच म्हननार," ती म्हणाली.

लिहिलेलं खरं असतं, पुस्तकात बघून बोल, हे तिला आम्हीच शिकवलेलं. चार शहाणी माणसं टेबलामागे बसून मोठ्यानं वाचतात ते खोटं असेल, हे नऊ वर्षांच्या पोरीला का पटावं? परतीच्या गाडीत मी प्रवासी म्हणून बसले होते, आणि माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पोरगी घरी यायला हवी हे तर होतंच. पण ते वाक्य डोक्यात घेऊन ती घरी येऊन उपयोग नव्हता. ज्यांनी ते वाक्य तिच्या कानात घातलं, त्यांनीच ते बाहेर काढायला हवं होतं.

अशा समितीविरुद्ध तक्रार करायची तर कुठं करायची हे मला ठाऊक नव्हतं. मी थेट त्या तरुण अधिकारी बाईंनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "कलेक्टर कचेरीत. जिल्हाधिकाऱ्यांकडे अशी तक्रार करता येते." मला त्यांचं हे आवडलं. आपल्याविरुद्धच्या तक्रारीचा पत्ता कोण देतं? मी तक्रार लिहिली आणि तिच्यात दोन मागण्या केल्या. मुलीला माझ्याकडे द्या, आणि ते वाक्य चुकीचं होतं असं तिला तोंडानं सांगा. कचेरीतल्या क्लार्कनं दुसरी मागणी वाचून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मावशी, असली मागणी मी आजवर वाचली नाही." मी म्हटलं, आता वाचलीत ना, द्या शिक्का.

तक्रार गेली आणि अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला, डेपोची चौकशी केली, आमच्या गाड्यांचं कौतुकही केलं. गाड्यांचं कौतुक ऐकलं तेव्हाच मी सावध झाले. मग ते मुद्द्यावर आले.

"हे पाहा, एवढं ताणायचं कशाला? तुमच्या तोंडून चुकून तो शब्द गेला असं लिहून द्या. टाकली नाही, सोपवली, असं म्हणा. तक्रार मागे घ्या. पुढच्या बैठकीत मुलगी तुमच्या हवाली करू."

"आणि ते वाक्य?"

"राहू द्या हो. फाइल बंद झाली की कोण वाचतंय?"

"एकीनं ऐकलंय," मी म्हटलं.

बाहेर आले तेव्हा मात्र माझा जोर गेला होता. पुढची बैठक जवळ होती. कचेरीतली सुनावणी कधी लागेल याचा काही भरवसा नव्हता. माझ्या हट्टापायी पोरगी तिथे आणखी राहणार, तिची परीक्षा जाणार, आणि सुनावणीत मी हरले तर ती हंगामभर तिथेच. शब्द माझा होता आणि तुरुंगात ती होती, असं मला वाटायला लागलं. लिहून द्यायला हात शिवशिवत होते. मी भावाला फोन लावला.

भाऊ तेव्हा दूर कोल्हापूरकडच्या फडात होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, घिऊन ये तिला. एका शबदाचं काय घिऊन बसलीस?"

मागून वहिनीचा आवाज आला, फोन द्या हिकडं. फडातला वारा, कुणाची तरी हाक, आणि मग ती बोलली. "वन्सं, पोरीनं ते ऐकलंय ना?"

"ऐकलंय."

"मंग आसंच घरी न्हेऊ नका. ती घरी यील, पन डोक्यात ते घिऊन यील. मी फडातनं आले की माज्याकडं बघंल कशी? मी हितं मरमर मरती ती कशापायी? तुमी मागं हटू नका."

भाऊ तिच्याशी काहीतरी वाद घालत होता, पण तिनं फोन ठेवून दिला. वहिनी माझ्याशी एवढ्या जोरात आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. आई तीच होती, निर्णयही तिचाच. मी लिहून दिलं नाही.

सुनावणी लागली तेव्हा मुकादमाच्या विनवण्या करून वहिनी एकटी आली. तीन गाड्या बदलून. उसाच्या पाचटानं कापलेले हात तिनं पदराखाली घेतले होते. मी म्हटलं, हात बाहेर ठेव, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तिनं ऐकलं नाही.

कचेरीतले जे अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीनं ऐकून घेत होते ते चष्मेवाले, घाईतले होते. एका बाजूला अध्यक्ष आणि त्या तरुण बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. साहेबांनी सरळ मलाच विचारलं, "तुम्ही 'टाकलीय' असं म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

अध्यक्षांनी हात पसरले, झालं म्हणून.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या घरी सकाळी चहा कोण टाकतं?"

"काय?"

"चहा. चहा टाका म्हणतो ना आपण? म्हणजे मोरीत ओततात का तो? आपण तव्यावर भाकरी टाकतो. पोराला शाळेत टाकतो. गिरणीत दळण टाकून येतो, शिंप्याकडे ब्लाऊज टाकतो, गॅरेजला गाडी टाकतो. यातलं काय फेकून दिलं आपण? दळण टाकलं की पीठ आणायला जातोच ना? माझ्या भावानं पोरगी माझ्यापाशी टाकली, ती शिकवून परत न्यायला."

चष्मेवाले साहेब पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले. कोपऱ्यातल्या शिपायानं तोंड फिरवलं, तो हसत होता.

अध्यक्षांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, "बोलायला तुम्ही हुशार आहात. पण नवऱ्यानं टाकलेली असंही आपल्याकडे म्हणतात. तिथं काय अर्थ होतो?"

त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते बोलले नसते, एवढं मी त्यांना ओळखत होते. वहिनीनं पदराखालून माझा हात धरला.

"साहेब, तसं मलाच म्हणतात," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं मला टाकली. पण त्यानं मला कुणापाशी टाकली नव्हती. नुसतीच टाकली. कुणापाशी, कुठं, हे बोललं की टाकणं म्हणजे ठेवणं. ते बोललं नाही की मग टाकून देणं. हा फरक मला कळणार नाही तर कुणाला कळणार? मी त्या दिवशी माझ्यापाशी म्हणाले होते. तो शब्द तुमच्या अहवालात कुठं गेला?"

बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

मग ती तरुण अधिकारी बाई उठली. अध्यक्षांकडे न बघता म्हणाली, "सर, त्या 'माझ्यापाशी टाकलीय' असंच म्हणाल्या होत्या. मला 'टाकलीय' एवढंच ठळक ऐकू आलं. माझ्या कानाला त्याचा एकच अर्थ माहीत होता. लिहिताना 'माझ्यापाशी' माझ्याकडून राहिलं, आणि 'टाकलीय'चं 'टाकून दिलेले' मीच केलं."

अध्यक्षांनी समोरची फाइल मिटली. वाद तिथेच संपला, पण साहेबांनी आम्हाला लगेच सोडलं नाही. शाळा सुटल्यावर मुलगी कुठं थांबणार, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला, आणि तो बरोबरच होता. सगळा स्टँड हे उत्तर कागदावर टिकत नाही, हे मला मान्य होतं. आमच्या खालच्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई राहतात, चर्चला जाणं सोडलं तर दिवसभर घरीच असतात. त्यांनी संध्याकाळी पोरीला घरी बसवायचं कबूल केलं होतं. डेपोनं मला सकाळच्या फेऱ्या द्यायचं मान्य केलं होतं. अधूनमधून घरी येऊन मुलीला बघून जायचं काम त्या तरुण बाईंकडे दिलं. मी म्हटलं, खुशाल या, न कळवता या.

वहिनीला साहेबांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मी तिला सोडून न्हाई गेले साहेब," ती म्हणाली. "मला जे न्हाई मिळालं ते मिळावं म्हनून ठिवून गेले."

निर्णय आमच्या बाजूनं झाला. ते वाक्य काढून टाकायचं आणि मुलगी माझ्याकडे द्यायची. साहेब पुढची फाइल ओढायला लागले.

"साहेब, दुसरी मागणी राहिली."

"अहो बाई, कुणी कुणाला काय सांगावं हे मी आदेशात कसं लिहू?"

"लिहू नका, सर," ती तरुण बाई म्हणाली. "मी सांगते."

त्याच दिवशी आम्ही तिघी बालगृहात गेलो. वाटेत ती बाई ओठातल्या ओठात पुटपुटत होती, बहुतेक वाक्य जुळवत असावी. मलाही धाकधूक होती. कचेरीत जिंकलेलं तिथं हरायला एवढीशी पोर पुरेशी होती.

भाचीला बाहेरच्या खोलीत आणलं. दोन्ही वेण्या सारख्या होत्या, ते पाहून मला थोडा हेवाही वाटला. आईला बघून ती धावत आली नाही. दाराशीच उभी राहिली. वहिनी पुढं झाली, पण मी तिला धरलं. मला माहीत होतं की आधी ते वाक्य निघायला हवं. तिला असं अडवायला माझं मन होत नव्हतं, तरी धरून ठेवलं.

ती अधिकारी बाई सरळ फरशीवर मांडी घालून बसली, भाचीच्या उंचीला. लिहून आणलेलं काही नव्हतं तिच्याकडे. म्हणाली, "मी तुझ्याबद्दल एक चुकीची गोष्ट लिहिली होती. तुझ्यासमोर ती वाचली गेली. ती खोटी होती. तुझ्या आईबाबांनी तुला टाकून दिलं नव्हतं. तू शिकावीस म्हणून त्यांनी तुला आत्यापाशी ठेवलं होतं. तुझ्या आत्यानं मला तेच सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही. चूक माझी आहे."

भाचीनं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि परत त्या बाईकडे पाहिलं.

"मंग मला इचारायचं की," ती म्हणाली. "मी तर तितंच हुते."